काउंट बेसी ऑर्केस्ट्रा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ ऐकायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं : काउंट बेसीचा बँड. १९३५ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या एका क्लबात उभा राहिलेला हा ताफा आजही दौऱ्यावर असतो. ऐकायला लागलेल्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे जीव गुंतला आहे तिथे हात आखडता घ्यावासा वाटला नाही.

काउंट बेसी मूळचा कॅन्सस सिटीचा का?

नाही. विल्यम जेम्स बेसीचा जन्म २१ ऑगस्ट १९०४ चा, न्यू जर्सीतल्या रेड बँक या गावचा. वडील श्रीमंतांच्या घोडागाड्या हाकत, बंगल्यांची देखभाल करत. आई लोकांचे कपडे धुऊन देई, आणि पियानोचे पहिले धडे त्याला तिनेच दिले. विशीत तो न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये आला. तिथे पियानोवादक फॅट्स वॉलर मूकपटांना साथ म्हणून थिएटरात ऑर्गन वाजवायचा. बेसी त्याच्या शेजारी बसून बघत बघत ऑर्गन शिकला.

पुढे तो एका फिरत्या नाटक-गाण्याच्या कंपनीबरोबर देशभर हिंडला. याच दौऱ्यात टल्सा गावातल्या हॉटेलात एका सकाळी त्याला गाण्याच्या आवाजाने जाग आली. कुणीतरी ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगची तबकडी लावली असावी असं त्याला वाटलं. खाली येऊन बघतो तर रस्त्यावर एक बँड प्रत्यक्ष वाजवत होता, रात्रीच्या कार्यक्रमाची जाहिरात म्हणून. तो होता वॉल्टर पेजचा ‘ब्लू डेव्हिल्स’. १९२७ मध्ये कंपनी फुटली आणि बेसी कॅन्सस सिटीत अडकून पडला. पोटासाठी इब्लॉन थिएटरात मूकपटांना ऑर्गनची साथ केली आणि १९२८ मध्ये त्याच ब्लू डेव्हिल्समध्ये दाखल झाला. बँडचा पुढचा सगळा इतिहास त्या अडकण्यातून निघाला आहे.

कॅन्सस सिटीत असं काय विशेष होतं?

राजकारण, हे पहिलं कारण. शहर टॉम पेंडरगास्ट नावाच्या पुढाऱ्याच्या मुठीत होतं. देशात दारूबंदी होती, पण त्याच्या शहरात क्लब रात्रभर उघडे असत. जुगार चाले, दारू मिळे, आणि प्रत्येक क्लबला वाजवणारे लागत. मंदीच्या काळात इतर गावांतले वादक बेकार झाले तेव्हाही इथे काम होतं. त्यामुळे टेक्सास, ओक्लाहोमा अशा आसपासच्या मुलखातून चांगले वादक इथे गोळा झाले. (पेंडरगास्टला पुढे १९३९ मध्ये करचुकवेगिरीसाठी शिक्षा झाली आणि क्लबांचा तो सुकाळ सरला.)

दुसरं कारण संगीतातलं. क्लबचं काम आटोपलं की वादक पहाटेपर्यंत एकत्र बसून वाजवत. एकजण सोलो घेत, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवत असताना मागचे लोक दोन-चार सुरांचा एखादा तुकडा धरत आणि तोच घोळवत राहत. याला रिफ म्हणतात. कागदावर काही लिहिलेलं नसे. कुणीतरी तुकडा सुचवायचा, शेजारच्याने उचलायचा, तिसऱ्याने त्यावर दुसरा तुकडा रचायचा. बेसीच्या सुरुवातीच्या बँडचं बरंचसं संगीत असंच, तोंडी ठरवून आणि डोक्यात साठवून तयार झालं.

मग बँड सुरू कसा झाला?

एका मृत्यूमुळे. १९२९ पासून बेसी कॅन्सस सिटीतल्या सर्वांत नावाजलेल्या, बेनी मोटनच्या बँडमध्ये होता. एप्रिल १९३५ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेदरम्यान मोटन गेला. मागे राहिलेल्यांपैकी काहींना घेऊन, सॅक्सोफोनवादक बस्टर स्मिथच्या साथीने बेसीने रेनो क्लबमध्ये नऊ जणांचा ताफा उभा केला.

त्या क्लबातून डब्ल्यू-नाइन-एक्स-बी-वाय या छोट्या रेडिओ केंद्रावर थेट प्रक्षेपण होई. १९३६ च्या हिवाळ्यात जॉन हॅमंड हा संगीत समीक्षक शिकागोत गाडीत बसून रेडिओचा काटा फिरवत होता. पार टोकाला, जिथे सहसा काही लागत नाही, तिथे त्याला हा बँड सापडला. त्याने मासिकांत लिहायला सुरुवात केली, पुढे स्वतः कॅन्सस सिटी गाठली आणि वर्षाअखेरीस बँड शिकागोमार्गे न्यू यॉर्कला पोचला.

‘काउंट’ ही पदवी कुणी दिली?

रेडिओच्या निवेदकाने, अशी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. ड्यूक, अर्ल, काउंट या युरोपातल्या सरदारी पदव्या. जॅझमध्ये ड्यूक एलिंग्टन होता, अर्ल हाइन्स होता, म्हणून हा काउंट.

पहिल्या तबकड्यांचा करार बँडला महागात पडला म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि अजूनही वाचताना राग येतो. हॅमंड पोचण्याआधीच डेक्का कंपनीच्या माणसाने बेसीची सही घेतली होती : तबकडीच्या २४ बाजूंचे (एका बाजूला एक गाणं) ७५० डॉलर, रॉयल्टी शून्य. बेसीला वाटलं हे बरेच पैसे आहेत. ‘वन ओ’क्लॉक जंप’ची तबकडी जगभर वाजली, पण त्या ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी बेसीला मिळाली नाही.

याच करारामुळे एक गमतीदार नाव जन्माला आलं. नोव्हेंबर १९३६ मध्ये हॅमंडने शिकागोत बँडमधल्या पाच जणांना गायक जिमी रशिंगसह स्टुडिओत नेलं. बेसीचं नाव छापता येत नव्हतं, म्हणून तबकडीवर आलं ‘जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड’ : जोन्स ड्रमर, स्मिथ ट्रंपेटवाला. लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनचं हे पहिलं ध्वनिमुद्रण.

हा ब्लूज बँड आहे की जॅझ बँड?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. बँड जॅझचा, पण पाया ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या सुखदुःखाच्या गाण्यांचा.

ब्लूजचा सर्वांत रुळलेला साचा १२ बारचा असतो. बार म्हणजे ठोक्यांचा एक गट. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे एका फेरीत ४८. या फेरीत तीन मुख्य कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) ठरलेल्या क्रमाने येतात आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपल्याकडे आवर्तनांची सवय असलेल्या कानाला हे पटकन समजतं. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतो. ओळींच्या मधल्या जागा वाद्यं भरतात.

स्विंग म्हणजे त्या काळचं नाचाचं जॅझ. इतर मोठ्या स्विंग बँडांकडे लोकप्रिय गाण्यांचा भरणा असे. बेसीकडे हा १२ बारचा साचाच मुख्य भांडवल होता. ‘वन ओ’क्लॉक जंप’ घ्या. जुलै १९३७ चं ध्वनिमुद्रण, जेमतेम तीन मिनिटांचं. आधी बेसी पियानोवर सुरुवात करतो. मग पट्टी बदलते आणि हर्शेल इव्हान्सचा सॅक्सोफोन येतो, मग ट्रॉम्बोन, मग लेस्टर यंग, मग बक क्लेटनचा ट्रंपेट. प्रत्येकाला एकेक फेरी. मग वारा पडावा तसे सगळे थांबतात, फक्त पियानो, गिटार, बास आणि ड्रम उरतात. आणि त्यानंतर सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन असे तीन गट तीन वेगवेगळे रिफ एकमेकांवर चढवत नेतात. तुकडे अगदी साधे आहेत, एखादं मूल गुणगुणू शकेल असे. पण तिन्ही एकदम वाजले की खुर्चीत बसवत नाही. हे सगळं त्याच १२ बारच्या आत घडतं.

गायक जिमी रशिंग तर ब्लूजचाच. ठेंगणा, प्रचंड देहाचा, म्हणून ‘मिस्टर फाइव्ह बाय फाइव्ह’. बँडच्या पूर्ण आवाजावर त्याचा आवाज तरंगत जाई. पुढे १९५४ च्या अखेरीस जो विल्यम्स आला. त्याचं ‘एव्हरी डे आय हॅव द ब्लूज’ इतकं गाजलं की बँडला नवं आयुष्य मिळालं. आणि २०२४ मध्ये बँडला ग्रॅमी मिळालं ते ‘बेसी स्विंग्ज द ब्लूज’ या अल्बमला, ज्यात गायक-गिटारवादक बडी गाय यांच्यासारखे ब्लूजचे ज्येष्ठ या बँडबरोबर आहेत. जवळजवळ नव्वद वर्षांनी बँड मूळ घरीच बसलेला आहे.

फ्रेडी ग्रीनचं गिटार मला ऐकूच येत नाही. चुकतंय कुठे?

काही चुकत नाही. ते तसंच असायला हवं.

फ्रेडी ग्रीन मार्च १९३७ मध्ये आला आणि मार्च १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. पन्नास वर्षं. या काळात त्याने सोलो जवळजवळ घेतलाच नाही. गिटार पोकळ अंगाचं, बिनविजेचं, तारा फळीपासून चांगल्या उंच उचललेल्या, म्हणजे बोटांना त्रास आणि आवाजाला जोर. प्रत्येक बारमध्ये चार ठोके : चक्, चक्, चक्, चक्. कॉर्डसुद्धा पूर्ण सहा तारांची नाही. दोन-तीन सूर, कधी त्यातला एकच मोकळा ऐकू येतो.

वॉल्टर पेजचा बास त्याच चार ठोक्यांवर चालत जाई. ड्रमर जो जोन्सने ठेका पायाच्या जड ढोलावरून काढून दोन झांजांच्या हाय-हॅटवर नेला होता, त्यामुळे खालचा गोंगाट गेला आणि गिटार-बासला जागा झाली. वर बेसीचे मोजके सूर. या चौघांना ‘ऑल-अमेरिकन ऱ्हिदम सेक्शन’ म्हणत. मैफलीत तानपुरा कुणी कान देऊन ऐकत नाही, पण तो थांबला की सगळ्यांच्या लक्षात येतं. ग्रीनचं तसंच आहे.

ऐकायचंच असेल तर ‘लिल डार्लिन’ लावा, हेडफोनवर, रात्री. संथ लय, हळू आवाज. ठोक्याठोक्याला एक मऊ, लाकडी ओरखडा ऐकू येईल. एकदा कान बसला की बाकीच्या तबकड्यांतही तो सापडायला लागतो.

बेसी पियानोवर एवढे कमी सूर का वाजवतो? येत नव्हतं का?

येत होतं. तो हार्लेमच्या स्ट्राइड पियानोवाल्यांच्या तालमीत तयार झालेला होता. या शैलीत डावा हात सतत उड्या मारत असतो आणि दम लागेल इतके सूर असतात. मोटनच्या बँडबरोबरच्या १९३२ च्या तबकड्यांत तो तसा वाजवतोही. पण पेज, ग्रीन आणि जोन्स ठेका सांभाळायला बसल्यावर डाव्या हाताची ती मेहनत अनाठायी झाली. मग तो काढत गेला, काढत गेला. उरले ते नेमक्या जागी टाकलेले दोन-तीन सूर. पुष्कळ तुकड्यांच्या शेवटी सगळा बँड थांबतो, बेसी वरच्या पट्टीत तीन हलके सूर टाकतो आणि मग शेवटचा दणका येतो. जगभरचे बँड तो शेवट आजही उसना घेतात.

लेस्टर यंग आणि हर्शेल इव्हान्स यांच्यात खरंच भांडण होतं?

वाजवण्यात चुरस होती, आणि तिचा फायदा ऐकणाऱ्यांना झाला. इव्हान्सचा सूर जाड, भरदार, थरथरता. यंगचा हलका, सरळ, जवळजवळ कंप नसलेला. त्या काळी टेनर सॅक्सोफोन इव्हान्ससारखाच वाजला पाहिजे असा समज होता, आणि यंगला त्याबद्दल पुष्कळ टोमणे खावे लागले होते. बेसीने दोघांना रांगेच्या दोन टोकांना बसवलं आणि एकामागून एक सोलो दिले. इव्हान्सचं ‘ब्लू अँड सेंटिमेंटल’ ऐका. फेब्रुवारी १९३९ मध्ये तो गेला तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. यंगने डिसेंबर १९४० मध्ये बँड सोडला.

बिली हॉलिडे या बँडमध्ये गायची, मग तिच्या तबकड्या का सापडत नाहीत?

ती १९३७ च्या मार्चपासून साधारण वर्षभर होती. पण तिचा करार एका कंपनीशी आणि बेसीचा डेक्काशी, त्यामुळे स्टुडिओत दोघं एकत्र आलेच नाहीत. रेडिओवरून टिपलेली मोजकी गाणी उरली आहेत.

त्या दौऱ्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. काळ्या वादकांना पुष्कळ हॉटेलांत खोली मिळत नसे, उपाहारगृहात जेवण मिळत नसे. डेट्रॉइटच्या एका थिएटरात हॉलिडेला चेहऱ्याला काळा रंग फासायला लावला, कारण दिव्यांत ती गोरी दिसली तर काळ्या पुरुषांबरोबर गोरी बाई उभी आहे असं प्रेक्षकांना वाटेल, अशी व्यवस्थापनाला भीती होती. हे तिनेच सांगून ठेवलं आहे. त्या तबकड्यांतला उत्साह ऐकताना, तो कुठल्या दिवसांतून आला आहे हे मी विसरू शकत नाही.

१९५० मध्ये बँड बंद पडला होता ना?

मोठा बँड मोडला, हो. युद्धानंतर सोळा-सतरा माणसं घेऊन फिरणं परवडेना. १९४४ पासून नाचगाण्याच्या जागांवर जबर कर बसला होता, लोकांचं लक्ष एकेकट्या गायकांकडे वळलं होतं. एकामागून एक मोठे बँड बसले. बेसीने सहा-सात जणांचा छोटा ताफा चालवला. त्यात फ्रेडी ग्रीनला जागा नव्हती. पण असं सांगतात की एका रात्री तो गिटार घेऊन स्वतःच येऊन बसला आणि मग उठलाच नाही.

१९५२ मध्ये बेसीने पुन्हा मोठा बँड उभारला. ऐकणारे पहिल्या बँडला ‘ओल्ड टेस्टामेंट’ आणि दुसऱ्याला ‘न्यू टेस्टामेंट’ म्हणतात, बायबलच्या जुन्या आणि नव्या करारावरून.

दोन्ही बँडांत फरक काय? चांगला कुठला?

पहिला सोलो वादकांचा, दुसरा अरेंजरांचा, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्यांचा. दुसऱ्यात नील हेफ्टी, अर्नी विल्किन्स, फ्रँक फॉस्टर, थॅड जोन्स यांनी लिहिलेलं संगीत कागदावरून वाजे. शिस्त अशी की सगळी फुंकवाद्यं एका श्वासात कुजबुजतात आणि पुढच्या क्षणी अंगावर येतात. १९५५ चं ‘एप्रिल इन पॅरिस’ ऑर्गनवादक वाइल्ड बिल डेव्हिसने बसवलेलं. तुकडा संपतो, बेसी ओरडतो ‘वन मोअर टाइम’, बँड शेवट पुन्हा वाजवतो. मग ‘वन मोअर वन्स’, आणि तिसऱ्यांदा. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘दि अ‍ॅटॉमिक मिस्टर बेसी’ ध्वनिमुद्रित झाला, सगळं लेखन हेफ्टीचं. त्यातलं ‘लिल डार्लिन’ हेफ्टीने बऱ्याच जलद लयीत लिहिलं होतं. संथ लय बेसीची. कुठली चाल कुठल्या लयीत बसेल हे त्याला पायाने कळायचं.

मला स्वतःला पहिला बँड जवळचा वाटतो. तिथे धोका आहे, पुढच्या फेरीत काय होईल हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नाही. पण नवख्या माणसाला मी दुसरा ऐकवते, कारण ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे आणि प्रत्येक वाद्य वेगळं कळतं.

गायक फ्रँक सिनाट्राबरोबरचे अल्बम कुठले?

१९६२ चा ‘सिनाट्रा-बेसी’, १९६४ चा ‘इट माइट अ‍ॅज वेल बी स्विंग’ (अरेंजर क्विन्सी जोन्स, ‘फ्लाय मी टु द मून’ यातलंच) आणि १९६६ चा लास व्हेगासमधला ‘सिनाट्रा अ‍ॅट द सँड्स’. गायिका एला फिट्झजेरल्डबरोबरचा १९६३ चा अल्बमही सोडू नका. ती आणि बेसी हे पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात पुरस्कार मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय कलावंत.

बेसी १९८४ मध्ये गेला. मग आज वाजतो तो त्याचाच बँड म्हणायचा का?

माझं उत्तर हो असं आहे, आणि कारण नेतृत्वाच्या यादीत दिसतं. १९८५ मध्ये थॅड जोन्स आला, १९८६ मध्ये फ्रँक फॉस्टर, १९९५ मध्ये ग्रोव्हर मिचेल, २००३ मध्ये बिल ह्यूज, २०१० मध्ये डेनिस मॅक्रेल. हे सगळे बेसीच्या हाताखाली वाजवलेले. ह्यूज १९५३ पासून ट्रॉम्बोनच्या रांगेत होता, मॅक्रेल हा बेसीने स्वतः घेतलेला ड्रमर. २०१३ पासून स्कॉटी बार्नहार्ट आहे. तो १९९३ मध्ये, बेसीनंतर आला, पण ज्यांनी बेसीबरोबर वर्षानुवर्षं काढली होती त्यांच्या शेजारी बसून शिकला.

पुष्कळ बँड नेत्याच्या सोलोवर उभे असतात. नेता गेला की उरते नक्कल. बेसीने स्वतःकडे जवळजवळ काही ठेवलंच नव्हतं. जे होतं ते रांगेत बसून वाजवण्याच्या पद्धतीत होतं : ठोक्याच्या किंचित मागे कसं राहायचं, शेवटचा सूर किती लांबवायचा, शेजारच्याचा श्वास कधी ऐकायचा. यातलं थोडंच कागदावर लिहिता येतं. बाकीचं शेजारी बसून घ्यावं लागतं, आणि या बँडमध्ये ती रांग कधी पूर्ण तुटली नाही.

आपल्याकडच्या संगीताशी याचं काही नातं?

बेसीशी ओढूनताणून दुवा जोडणार नाही. नातं त्या काळच्या स्विंगशी आहे. तिसाच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकी वादक येऊन वाजवत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले तरुण मुंबईच्या हॉटेलांत नाचाच्या बँडांत असत, आणि तिथून ते हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत गेले. हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट ‘अलबेला’साठी सी. रामचंद्रांबरोबर होता. ‘शोला जो भडके’मधली फुंकवाद्यं ऐका आणि मग बेसीच्या १९३८ च्या तबकड्या ऐका. चाल वेगळी, पण फुंकवाद्यांचे गट गायकाला तुकड्यांनी उत्तर देतात ती रीत तीच. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे कान किती दूरवर होते हे मला तेव्हा खरं कळलं.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपला बेसीचं काही बसवायचं आहे. काय घ्यावं?

जलद काही घेऊ नका. ‘लिल डार्लिन’ घ्या. सूर सोपे आहेत, आठवड्यात हाताखाली येतात. पण त्या लयीत घाई न करता सगळ्यांनी एकत्र राहणं हे महिन्यांचं काम आहे. आधी फक्त बास, ड्रम आणि गिटार बसवा. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा आणि ते ऐकू येईल इतकाच बाकीच्यांनी आवाज ठेवा. ते जमलं की मग ट्रंपेटवाल्यांना बोलवा.